जाळी कापायची तर आधी दिवा घ्या



आपल्यातल्या काही जणी हल्ली घरीच स्क्रोल सॉवर काम करतात. स्वस्तिक, अष्टमंगल, देव्हाऱ्याची जाळी, दारावरच्या नावाच्या पाट्या. काम देखणं होतं, चार पैसेही मिळतात. पण मशीनवर हजारो रुपये घालतात आणि उजेड मात्र बाल्कनीच्या छतावरच्या जुन्या ट्यूबचाच. माझं मत स्पष्ट आहे: नवी पाती नंतर, आधी दिवा.

आपल्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यांना २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाना कायदा लागू होता. त्याचं कलम १७ नुसता पुरेसा उजेड द्या म्हणून थांबत नव्हतं. डोळ्यांवर चकाकी येऊ नये आणि अपघात होईल अशी सावली पडू नये, हेही त्यात होतं. घरच्या बाल्कनीत तपासायला कोण येणार? बोटं तर तीच.

छताचा दिवा पाठीमागे असला की आपल्याच डोक्याची सावली नेमकी पेन्सिलच्या रेघेवर पडते. म्हणून वाकणाऱ्या दांडीचे दोन छोटे एलईडी दिवे घ्या, पात्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, डोळ्यांच्या पातळीखाली लावा. छोटा दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो. सात वॉटचे दोन दिवे रोज तीन तास लावले तरी महिन्याला सव्वा युनिटच वीज जाते. एक दिवा जरा तिरपा ठेवा. अंबरनाथच्या शिवमंदिरातलं शके ९८२ चं कोरीवकाम भर दुपारी सपाट वाटतं आणि तिरप्या उन्हात उठून दिसतं. कापाची कडही तशीच.

जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, पण वरखाली धावणारं पातं त्या उजेडात तुटक किंवा संथ भासू शकतं. तिथे बोट जवळ नेणं धोक्याचं. आणि सून म्हणाली, "आई, एवढा उजेड पुरे," तर तो तिला पुरे आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो.

आता धर्माचं. अहिंसाव्रताच्या पाच भावनांत आलोकितपानभोजन आहे, तसंच आदाननिक्षेपणही आहे. पहिलं आपण निष्ठेनं पाळतो, सूर्यास्ताआधी ताटं उचलतो. वस्तू बघून उचलावी, बघून ठेवावी, हे मात्र स्वयंपाकघराबाहेर पडलं की विसरतो. फळीला बारीक भोकं, खाली ताजा भुसा दिसला तर आत जीव आहे. ती फळी कापायला घेऊच नये. पण अंधारात ती भोकं दिसणार कशी?

कोणी म्हणेल, दिव्यावरच तर किडे येतात. खरंय, पावसाळ्यात फारच. म्हणून पांढराफेक नको, पिवळसर दिवा घ्या, त्यावर किडे कमी येतात. खिडकीला जाळी लावा आणि दिवेलागणीला मशीन बंद करा. मग दिवा कशाला? कारण इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यावर भर दुपारीही रेघ दिसत नाही.

दिवे लावल्यावर मशीन बंद ठेवून पात्याजवळ पेन्सिल उभी धरून बघा. दोन फिक्या सावल्या पडल्या तर ठीक. एकच काळीभोर पडली, तर दिवा सरकवा.