आकृती पुन्हा काढा!



'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' हे वाक्य प्रश्नपत्रिकेत तुम्ही किती वेळा वाचले असेल बरे? या वाक्यात दोन मागण्या आहेत. आकृती सुबक हवी आणि तिच्या भागांना नावे हवीत. पण तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी त्यात नाही. आकृती खरी हवी, असे कोठेच म्हटलेले नाही!

तुम्ही म्हणाल, 'ते तर गृहीतच आहे.' शाळेत असताना मलाही तसेच वाटे. एकदा आम्हांला जास्वंदीच्या फुलाची आकृती प्रयोगवहीत काढायची होती. आमच्या परसात जास्वंदीचे झाड होते आणि ते फुलांनी भरलेले होते. तरीही मी उठून बाहेर गेलो नाही. शेजारच्या दादाची जुनी वही समोर ठेवली आणि त्यातली आकृती जशीच्या तशी उतरवून काढली. टोकदार पेन्सिल, स्वच्छ रेषा, पट्टीने ओढलेल्या नावांच्या रेघा! मला दहापैकी नऊ गुण मिळाले. त्या आकृतीत पुंकेसर सुटे सुटे उभे होते आणि मधोमध एकटा स्त्रीकेसर होता. प्रत्यक्षात जास्वंदीचे सारे पुंकेसर खालच्या बाजूस जोडले जाऊन त्यांची एक नळी बनलेली असते. स्त्रीकेसराचा दांडा त्या नळीच्या आतून वर येतो आणि टोकाला पाच कुक्षी बाहेर डोकावतात. हे मला कळले ते पुढे कितीतरी वर्षांनी, ब्लेडने फूल उभे चिरून पाहिले तेव्हा. दादाची वही चुकली होती, मी चुकलो होतो, आणि माझी वही ज्याने उतरवली असेल तोही चुकला असेल.

अशी चूक किती काळ टिकू शकते? याचे एक नामांकित उदाहरण पाहा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला होता. १५१५ साली तो गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला. जर्मनीतील थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने हा गेंडा कधीच पाहिला नाही. कोणीतरी पाठविलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावरून त्याने त्याच वर्षी गेंड्याचे चित्र लाकडावर कोरून छापले. चित्र अप्रतिम होते! पण गेंड्याच्या अंगावर योद्ध्याच्या चिलखतासारखे पत्रे होते, आणि खांद्यांवर आणखी एक छोटे शिंग होते, जे कोणत्याही गेंड्याला नसते. युरोपातील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून हेच चित्र दोनशे वर्षांहून अधिक काळ उतरवले जात राहिले. चित्र आणि गेंडा शेजारी शेजारी ठेवून 'अहो, हे शिंग कोठून आले?' असे विचारणारा कोणी नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यास एक जिवंत गेंडा युरोपात गावोगावी दाखविला गेला, तेव्हा कोठे त्या चित्राची सद्दी संपू लागली.

ड्यूररच्या हातात कमालीचे कौशल्य होते. उणीव होती ती विचारणाऱ्याची. आपल्या वर्गातही तीच आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की विज्ञानाच्या वहीतील कोणतीही आकृती एकदाच काढून पूर्ण झाली असे मानू नये. ती वर्गमित्रांना दाखवावी, त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि पुन्हा काढावी. गरज पडली तर पुन्हा एकदा काढावी.

याने काय साधते ते ऐका. अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉयसी नावाचे शहर आहे. तेथील एका शाळेत पहिलीतल्या एका मुलाला छायाचित्र पाहून फुलपाखराचे चित्र काढायचे होते. त्याने पहिल्यांदा काढले ते आपण सगळेच काढतो तसले फुलपाखरू होते. मधे अंग, दोन्ही बाजूंना गोलसर पंख. छायाचित्राशी त्याचा फारसा संबंध नव्हता. वर्गातल्या मुलांनी चित्र आणि छायाचित्र दोन्ही पाहिले. आधी त्यांनी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितले, नक्षीबद्दल नंतर. मुलगा पुन्हा बसला. असे करत त्याने ते चित्र सहा वेळा काढले. सहावे चित्र पाहिले तर ते सहा-सात वर्षांच्या मुलाने काढले आहे यावर विश्वास बसत नाही. वाघासारखे काळे पट्टे, मागच्या पंखांच्या शेपट्या, सारे जागच्या जागी! रॉन बर्गर हे शिक्षक ही सहा चित्रे दाखवीत ठिकठिकाणी फिरले आणि आज जगभरच्या शिक्षकांना ती ठाऊक आहेत.

यात चमत्कार कोणता? मुलाचा हात काही दिवसांत सहापट चांगला झाला असे नाही. सुधारली ती नजर. आपण चित्र काढू लागलो, की समोरच्या वस्तूकडे पाहण्याऐवजी मनातले ठरलेले चित्र कागदावर उतरवतो. मनातले फुलपाखरू, मनातला मासा, मनातले झाड. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण तीच चूक आपल्या डोक्यातही असते. शेजारी बसलेल्या मित्राच्या डोक्यात ती नसते. त्याला स्वतःला रेघ सरळ काढता येत नसेल, तरी 'याचे पंख टोकदार आहेत, तुझे गोल आहेत' एवढे तो सहज सांगू शकतो. आणि असे सांगताना तोही वस्तूकडे नीट पाहायला शिकतो.

तुम्हांला वाटेल, हे पहिलीतल्या मुलांचे झाले. मोठ्या शास्त्रज्ञांना याची काय गरज? तर आता एका जीवाश्माची गोष्ट सांगतो. कॅनडातील बर्जेस शेल या प्रसिद्ध खडकांत सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे समुद्री प्राणी सापडतात. त्यांतला एक इवलासा प्राणी इतका विचित्र होता, की ब्रिटिश शास्त्रज्ञ सायमन कॉन्वे मॉरिस यांनी १९७७ साली त्याला 'हॅलुसिजेनिया' म्हणजे स्वप्नात भास व्हावा तसा, असे नाव दिले. त्यांच्या आकृतीत हा प्राणी काठ्यांवर चालावे तसा लांब काट्यांवर उभा होता आणि पाठीवर मऊ शुंडे हलत होती. १९९१ मध्ये रॅम्सकोल्ड आणि हौ या शास्त्रज्ञांनी चीनमध्ये सापडलेल्या तशाच प्राण्यांच्या आधारे दाखवून दिले, की आकृती उलटी आहे! काटे पाठीवरचे, आणि मऊ शुंडे म्हणजे पाय. आकृती फिरवली गेली. तरी डोके कोणत्या टोकाला, हा प्रश्न राहिलाच. एका टोकाला दिसणारा गोल डाग म्हणजे डोके, असे समजले जाई. २०१५ मध्ये स्मिथ आणि कॅरन यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा तो डाग प्राणी मेल्यावर शरीरातून बाहेर आलेल्या द्रवाचा निघाला. डोळे आणि दात होते दुसऱ्याच टोकाला! म्हणजे पहिल्या आकृतीत या प्राण्याचे वर-खाली आणि पुढे-मागे, दोन्ही उलटे झाले होते. म्हणून पहिली आकृती वाया गेली काय? मुळीच नाही. ती स्पष्ट काढलेली होती, म्हणूनच तिच्यात काय चुकले ते दाखविता आले.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला असा, की वर्गात साठ मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. एवढा वेळ कोठून आणायचा? मला वाटते, वर्षाला वीस आकृत्या उतरवण्यापेक्षा पाच आकृत्या तीन तीन वेळा काढलेल्या बऱ्या. दुसरा आक्षेप, मुले एकमेकांची टिंगल करतील. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे नियम. तिसरा आक्षेप हल्ली नेहमी ऐकू येतो: मोबाइलवर फोटो काढता येत असताना हाताने आकृती कशाला? फोटोत सारेच येते, सावली, धूळ आणि मागची भिंतसुद्धा. आकृतीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आपल्याला ठरवावे लागते. असे ठरवायचे म्हणजे आधी समजून घ्यावे लागते.

नियम तीनच. एक, बोलायचे ते आकृतीबद्दल, काढणाऱ्याबद्दल नाही. 'तुला जमत नाही' हे वाक्य बंद. दोन, नेमके सांगायचे. 'छान आहे' किंवा 'बरोबर वाटत नाही' याचा काही उपयोग नाही. 'पुढचा पंख मागच्यापेक्षा लांब हवा' याचा आहे. तीन, वस्तू नेहमी समोर हवी. वाद झाला तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे नव्हे. फूल, पान, दगड, जे काही समोर असेल ते निकाल देईल. टीका करणाराही चुकू शकतोच की!

शिक्षकांनाही एक विनंती. मुलाची पहिली आकृती फाडून टाकायला लावू नका. ती दुसरी आणि तिसरीसह वहीतच राहू द्या, आणि गुण द्यायचे ते पहिलीपासून शेवटचीपर्यंत मूल किती पुढे गेले यालाही द्या. मग उतरवलेल्या आकृतीला नऊ गुण मिळणार नाहीत, कारण उतरवणाऱ्याजवळ पहिली आकृतीच नसेल.

मित्रांनो, हा लेख येथे ठेवा आणि जवळच्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडाकडे जा. तेथे घिरट्या घालणारे काळे-पिवळे लिंबू फुलपाखरू त्या अमेरिकन मुलाच्या फुलपाखराच्या कुळातलेच, अगदी त्याच प्रजातीतले. आधी न पाहता, मनाने त्याचे चित्र काढा. मग फुलपाखरू नीट पाहा, आणि एका मित्रालाही पाहू द्या. आता तुमच्या चित्राला त्याला हे प्रश्न विचारायला सांगा: चारही पंख अंगाच्या कोणत्या भागातून निघाले आहेत? सहाही पाय कोठे आहेत? मिशांची टोके कशी आहेत? मागच्या पंखांना शेपटी आहे काय? (सांभाळा! या कुळातील अनेकांना ती असते.)

उत्तरे मी मुद्दामच देत नाही. ती झाडावर बसलेली आहेत. पेन्सिल घ्या, आणि आकृती पुन्हा काढा!