गावाला 'जागरूक' करणं आता थांबवा

तीन वर्षांपूर्वी मी एक स्लाइड बनवली होती. हिरवं बॅकग्राउंड, कोपऱ्यात कंपनीचा लोगो, वर मथळा 'आव्हाने'. खाली पहिलाच मुद्दा होता, 'ग्रामस्थांमध्ये जागरूकतेचा अभाव'. तो मीच लिहिला. कुणी सांगितला नव्हता. अशा स्लाइडवर तो असतोच, म्हणून लिहिला.

त्याआधीच्या जुलैमध्ये आमच्या ऑफिसातले चाळीसेक जण एसी बसने नागपूरपासून तासाभरावरच्या एका गावात गेलो होतो. वृक्षारोपण होतं. सगळ्यांना सारखे टी-शर्ट आणि टोप्या. खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. ते कुणी खणले, हे आम्ही विचारलं नाही. करंज, कडुनिंब, गुलमोहर अशी रोपं लावली, फोटो काढले, तर्री-पोहे खाल्ले आणि चारच्या आत नागपुरात परत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोटो लिंक्डइनवर. माझाही होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या मे महिन्यात 'फॉलो-अप' म्हणून दोघांना त्या गावी पाठवलं. पारा 45 च्या वर होता. तीनशे रोपांपैकी आम्हाला अकरा जिवंत सापडली. बाकी ठिकाणी नुसत्या काड्या, काही ठिकाणी काड्याही नाहीत. बाभळीच्या सावलीत एक म्हातारे ढोरकी बसले होते. त्यांना विचारलं, "काका, रोपं कशी काय गेली?"

"ढोरायनं खाल्ले न बाबू."

"मग कुणी राखली नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ऑफिसात नव्या इंटर्नकडे पाहतो. "हे गायरान हाये. ढोरं इथंच चरतेत. तुमी लोकायनं ढोरायच्या ताटात झाडं लावले. आमाले ईचारलं होतं काय?"

विचारलं नव्हतं. एका पुढाऱ्याला फोन गेला होता, त्यांनी 'या' म्हटलं होतं, एवढंच. आणि हे सगळं ऐकून आल्यावरही मी स्लाइडवर 'जागरूकतेचा अभाव' असंच लिहिलं. 'आम्ही विचारलं नाही' हा मुद्दा 'आव्हाने' या मथळ्याखाली शोभत नव्हता.

तेव्हापासून 'जागरूकता' हा शब्द ऐकला की मला ते गायरान आठवतं. गावं हिरवी का होत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपल्याला तो शिकवला आहे. शाळेतल्या निबंधात तो असतो, सरकारी फ्लेक्सवर असतो, एनजीओच्या अहवालात असतो. मला तो खोटा वाटतो. नुसता चुकीचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. तो सोयीचा खोटेपणा आहे. गावाला कळत नाही, असं एकदा ठरवलं की गावाच्या हातात काही द्यावं लागत नाही.

कोण कुणाला जागरूक करतंय ते तर बघा. त्या ढोरकी काकांच्या घरी एक पंखा आणि दोन बल्ब असतील. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोन एसी आहेत. ते ज्या ग्रिडवर चालतात, तिला शहराच्या उशाशी असलेली कोराडी आणि खापरखेड्याची कोळशाची वीजकेंद्रं वीज पुरवतात. तिथल्या राखेचे तलाव शहरात नाहीत, आजूबाजूच्या गावांच्या हद्दीत आहेत. जुलै 2022 मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शिवारात पसरून कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेला. कन्हानचंच पाणी नागपूर पितं, त्यामुळे दोन दिवस शहराला बातमी लागली. उन्हाळी वाऱ्यात उडून पिकावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेची बातमी होत नाही. त्या गावांकडे पाठ करून बस दुसऱ्या दिशेने काढायची आणि तिथल्या लोकांना शाश्वत जीवनशैली शिकवायची, याला मराठीत चांगला शब्द आहे. संपादक छापणार नाहीत.

सरकारचंही वेगळं नाही. 2016 मध्ये राज्यात 2 कोटी झाडं लावायचं ठरलं, मग 4 कोटी, मग 13 कोटी, 2019 मध्ये 33 कोटी. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आकडा असा चढत गेला की मला लगेच शंका येते. कारण आम्हीही हेच करतो. जे मोजायला सोपं ते मोजतो. किती फीचर रिलीज केले ते सांगतो, किती लोक ते वापरतात ते सांगत नाही. झाड लावणं एका दिवसाचं काम आहे आणि त्याचा फोटो निघतो. ते जगवणं तीन-चार उन्हाळ्यांचं काम आहे आणि त्यासाठी कुणीतरी आपली बकरी आवरावी लागते. बकरी आवरायची की नाही, हे मंत्रालयात ठरत नाही, आमच्या कॉन्फरन्स रूममध्येही नाही. ते गावात ठरतं, आणि गावाने ठरवलं तरच पाळलं जातं.

हे हवेतलं बोलणं नाही. नागपूरहून दक्षिणेला गाडी काढा. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये त्या गावाला हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावात रोजगार उभा राहिला. पण मला चकित करते ती दुसरी गोष्ट. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला नगद पैसा. हक्क मिळाल्यावर पाचगावने तो पैसा घेण्याऐवजी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून झुडपं छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते, आणि झाडाला फळ धरत नाही. गावाने हिशेब केला आणि तो पैसा नको म्हणून ठरवलं. जंगलाचा एक भाग तर देवराई म्हणून वेगळा राखला.

आता मला सांगा, यांना जागरूक करायला कोणती बस पाठवायची?

गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. घोषणा प्रसिद्ध झाली, तिच्यामागचं कंटाळवाणं काम झालं नाही. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक जण अडला तर चर्चा पुढच्या बैठकीत. आमच्याकडे अर्ध्या तासाची मीटिंग पंचेचाळीस मिनिटं चालली तर लोक कॅमेरा बंद करून जेवायला बसतात. मेंढ्यात एकेका प्रश्नावर महिनोन् महिने बसले आहेत. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. पण बाहेरच्यांसाठी तिथे एक व्यवस्था केलेली आहे. अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, बोलू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तिथे पाहुण्याला मत नाही.

या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी एक. कागद हातात आला, तरी बांबू गावाबाहेर नेऊन विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखातं देईना. भांडण एका व्याख्येवर अडलं होतं. 1927 च्या वन कायद्यात तेव्हा बांबू हे झाड होतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचं. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे, पण ते कुणी विचारत नव्हतं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका गवताला गवत म्हणवून घ्यायला एवढं करावं लागलं. या सगळ्या काळात जागरूकतेची कमतरता नेमकी कुठल्या बाजूला होती?

'ही जंगलातली गावं, आमच्याकडे जंगल कुठे?' असं कुणी म्हणेल. बरं, मग तलाव घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात हजारो जुने तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासूनचे. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. पाळ कुठे घालायची, पाणी कोणत्या बांधीला आधी सोडायचं, गाळ कुणी काढायचा, हे सगळं गावपातळीवर ठरायचं. मालगुजारी अन्यायाची होती, ती 1950 च्या कायद्याने गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि कागदावर त्यांचं नाव झालं 'माजी मालगुजारी तलाव'. लोक म्हणतात मामा तलाव. मामाचं घर म्हटलं की लाड आठवतात, पण या मामाकडे कुणी फिरकेना. तलाव सरकारचा, तर गाळही सरकारचा. काठावर बेशरम माजलं आणि तळ वर आला.

पुढे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातल्या लोकांनी, त्यातही बायकांच्या गटांनी, यातले काही तलाव पुन्हा हातात घेतले. बेशरम उपटलं, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. अडलं होतं ते तलावावरच्या हक्कापाशी आणि एकत्र बसण्यापाशी.

आता मला गावाचा भाबडा भक्त समजू नका. माझ्या वडिलांचं गाव उमरेडकडे आहे. तिथली ग्रामसभा मी पाहिली आहे. बायका दाराबाहेर उभ्या राहतात. कोणाच्या टोळीचा माणूस बोलतोय त्यावर मुद्दा ऐकायचा की नाही ते ठरतं. कायद्याप्रमाणे 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी असतील तेवढे हजर लागतात. तेवढे येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून आठ-दहा जणांत ठराव उरकतात. गावात जात आहे, कंत्राटदार आहे, आणि कधी कधी तोच सरपंचाचा मेहुणा आहे. पण यावरचा उपाय काय? ग्रामसभा वाईट चालते म्हणून तिला वगळून कंपनीने थेट झाडं लावायची? लोकसभेतही गोंधळ होतो, म्हणून आपण कारभार एखाद्या इव्हेंट मॅनेजमेंटवाल्याला देत नाही. हिवरे बाजारातही 1989 च्या आधी दारू, भांडणं, दुष्काळ सगळं होतं. नंतर त्याच गावाने शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही असे नियम केले आणि दरवर्षी पाऊस मोजून त्याप्रमाणे पिकं ठरवायला लागले. नियम गावाने केला होता, म्हणून तो मोडणाऱ्याला शेजारी विचारू शकत होता.

माझ्या डिग्रीवर विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत. ज्या माणसाने 'ग्रामगीता' लिहिली, त्याचं नाव मी चार वर्षं हॉलतिकिटावर पाहिलं आणि पुस्तक उघडलं पंचविशी उलटल्यावर. दोष माझाच.

तर मित्रांनो, ज्यांच्या ऑफिसात दर पावसाळ्यात हिरव्या टी-शर्टची मेल येते त्यांच्यासाठी थोडं. कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, म्हणजे ती मेल येतच राहणार. पुढच्या वेळी उत्तरात एकच विचारा: या कामाचा ग्रामसभेचा ठराव आहे का? त्याची प्रत जोडा म्हणा. मी हे केलं. पहिल्या वर्षी मला 'निगेटिव्ह' म्हटलं गेलं. दुसऱ्या वर्षी मला त्या कमिटीतूनच काढलं. हा लेख वाचल्यावर काय होईल ते पाहू.

आणि काही करायचंच असेल तर आपल्याला जे येतं ते करा. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला नकाशे लागतात, जुन्या नोंदी लागतात, अर्जांचा पाठपुरावा लागतो. गायरानाची हद्द मोजावी लागते. तलावाच्या पाण्याची पातळी दर आठवड्याला कुठेतरी लिहून ठेवावी लागते. यासाठी ॲप बनवायची गरज नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या मनात ॲपच आलं असणार, माझ्याही आलं होतं. साधी एक्सेल शीट पुरते, आणि तीही गाव मागेल तेव्हा.

यंदा 1 मेला मी वडिलांच्या गावच्या ग्रामसभेला गेलो. माझं नाव नागपूरच्या मतदार यादीत, त्यामुळे मत नाही. मागे बसलो. विषय होता गावतलावातला गाळ, तो कुणाच्या वावरात आधी टाकायचा. दीड तास भांडण झालं. दोन बायका आत येऊन बसल्या, तिसरीला जागा झाली नाही. ठराव काही झाला नाही, गणपूर्तीही झाली नाही. पुढची तारीख पडली. निघताना मोठेबाबा म्हणाले, "काहून रे, पुढच्या टायमाले येतं का नाई?"

"येतो."

"मंग येताना एक मीटरचा टेप घेऊन येजो. पंचायतीतला कोनं नेला त पता नाई."