दाराशी बसवलेलं पोर

राहात्याजवळच्या एका शाळेत वडिलांना दाराशी बसवत, घरून नेलेल्या तरटावर. आजा पेरूच्या बागेतलं काम टाकून मास्तरांकडे गेला. ‘पोरगं आत बसंल, न्हाई तर म्या बी हितंच बसतो.’ बसला, दिवसभर. रोज बुडाला. चौथ्या दिवशी तरट आत सरकलं.

आता तरट गेलं, फी आली. २००९च्या कायद्यानं खासगी शाळेत २५ टक्के जागा गरिबाच्या लेकरांना दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारनंच पळवाट काढली: किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खासगीला सूट. पालक कोर्टात गेले. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला.

तरी लोक म्हणतात, ‘तुमची शाळा जवळ आहे की!’ अहो, मग तुमची पोरं घाला ना तिथं. आजा असता, तर फाटकातच बसला असता.