मंडळीचा बाक आणि तिजोरीची किल्ली

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ साली प्रार्थना समाजाचे प्रचारक होऊन परतले, यामुळे युनिटेरियन हे नाव मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. ईश्वराचे एकत्व मानणारा आणि सभासदावर कोणत्याही मतप्रमाणाची सक्ती न करणारा हा पंथ. अमेरिकेत तर आज त्यांच्या एकाच बाकावर आस्तिक, अज्ञेयवादी व उघड निरीश्वरवादीही बसतात. प्रत्येक मंडळी आपला धर्मोपदेशक मतदानाने निवडते, सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि वार्षिक सभेत अंदाजपत्रक मंजूर करते. समतेचा आग्रह हा त्यांच्या उपासनेचाच भाग आहे. लोकशाही समाजवादी माणसाला हे सारे आपल्या घरचे वाटावे. म्हणूनच या घरात तिजोरीची किल्ली कोणाकडे राहिली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहणे अगत्याचे ठरते.

शिंद्यांहून दोन वर्षांनी लहान असलेला एथेलरेड ब्राउन हा जमैकाचा कृष्णवर्णीय तरुण. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला न पटल्यामुळे तो युनिटेरियन मताकडे वळला आणि धर्मोपदेशक होण्यासाठी त्याने अमेरिकेतील मेडव्हिल येथील विद्यालयाकडे अर्ज केला. प्रमुखांचे उत्तर सभ्य होते, प्रामाणिकही होते. कृष्णवर्णीयांची युनिटेरियन मंडळी अमेरिकेत नाही आणि गोऱ्या मंडळींना गोराच उपदेशक लागतो, तेव्हा आपल्या भवितव्याविषयी काही सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता. तरीही ब्राउन गेला, शिकला आणि १९१२ साली दीक्षित झाला. जमैकात त्याने काम आरंभिले. परदेशी मदत थोड्याच वर्षांत थांबली. १९२० साली तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला आणि तेथे त्याने मंडळी स्थापन केली.

ही मंडळी आपल्या साथींना फार आवडली असती. तिच्यात कॅरिबियन बेटांतून आलेले कामकरी होते आणि डब्ल्यू. ए. डोमिंगो, फ्रँक क्रॉसवेथ यांच्यासारखे नामांकित समाजवादी होते. प्रवचन संपले की त्यावर खुली चर्चा होई. वंशभेद, मजुरी, वसाहतींचे स्वातंत्र्य यांचा खल चाले. ब्राउन स्वतः समाजवादी पक्षाचा प्रचारक होता. मात्र मंडळीला स्वतःची इमारत कधी लाभली नाही, आणि उपदेशकाला पोटासाठी काही काळ लिफ्टमनची नोकरी करावी लागली. मंडळीने स्वतःच्या वर्गणीवर उभे राहावे, ही बोस्टनच्या मुख्यालयाची अपेक्षा होती. नियम सर्वांना सारखा होता. बोस्टनच्या व्यापाऱ्याचे आणि हार्लेमच्या हमालाचे उत्पन्न तेवढे सारखे नव्हते! विषम उत्पन्नाच्या समाजात सारखी वर्गणी ही दरवाजाची कडी होते, हे आम्ही वर्गात करपद्धती शिकवताना सांगत आलो. धर्मसंस्थेला त्यातून सूट नाही. १९२९ साली ब्राउनचे नाव उपदेशकांच्या यादीतून काढले गेले. नागरी स्वातंत्र्य संघाचे साहाय्य घेऊन, झगडून, १९३५ साली त्याने ते परत मिळवले.

पुढे १९६१ साली युनिटेरियन व युनिव्हर्सलिस्ट या दोन्ही पंथांचा संघ झाला. १९६५ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी सेल्मा येथे हाक दिली तेव्हा या संघाचे शेकडो लोक धावून गेले. जेम्स रीब हा उपदेशक आणि व्हायोला लिउझो ही पाच मुलांची आई, असे दोन गोरे युनिटेरियन त्या लढ्यात मारले गेले. त्या हौतात्म्यापुढे कोणीही नतमस्तकच व्हावे.

परंतु रक्त देणाऱ्या या संघाला पैशावरचा ताबा सोडणे अवघड गेले. १९६७च्या उन्हाळ्यातील दंगलींनंतर कृष्णवर्णीय सभासदांनी वेगळे बसून मागणी केली की, आमचे मंडळ आम्ही निवडू आणि दरवर्षी अडीच लाख डॉलर याप्रमाणे चार वर्षे त्याचा विनियोगही आम्हीच ठरवू. १९६८ साली क्लीव्हलंडच्या महासभेने ती मोठ्या बहुमताने मान्य केली. पुढच्याच वर्षी बोस्टनला वाद पेटून प्रतिनिधींनी सभात्याग केला, आणि १९७० साली कार्यकारिणीने वार्षिक रक्कम घटवली. ते मंडळ संघाबाहेर पडले, अनेक कृष्णवर्णीय सभासद दुरावले. संघाची आर्थिक ओढाताण खोटी नव्हती. वेगळे मंडळ म्हणजे नवा वर्णभेद, असे प्रामाणिकपणे मानणारेही होते, आणि त्यांत कृष्णवर्णीयही होते. ती शंका मी क्षुल्लक मानत नाही. तथापि ओढाताणीच्या दिवसांत कात्री प्रथम कोठे चालते, यावरून संस्थेचा अग्रक्रम तिच्या ठरावांपेक्षा अधिक नेमका कळतो.

हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. शिंद्यांनी १९०६ साली स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे कार्य थोरच. पण त्याचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर आणि कार्यवाह स्वतः शिंदे होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड असले, तरी व्यवस्थापक मंडळाचे नेतृत्व डॉ. आंबेडकरांकडे होते. सवर्ण हितचिंतकांची मदत घ्यावी, कारभार मात्र आपल्या हाती ठेवावा, ही रचना त्यांनी जाणून केली. आपल्या जिल्हा समित्यांत, कामगार संघटनांत आणि वसतिगृहांच्या विश्वस्त मंडळांत दलित व स्त्री कार्यकर्त्यांना व्यासपीठावर खुर्ची असते. बँकेच्या धनादेशावर सही कोणाची असते, हे साथींनी येत्या वार्षिक सभेपूर्वी आपापल्या दप्तरात पाहावे.

अमेरिकेतील संघाच्या विश्वस्तांनी २०१६ साली कृष्णवर्णीय युनिटेरियनांच्या नव्या संघटनेसाठी ५३ लाख डॉलरचे वचन दिले. जुने येणे फेडण्याच्या भावनेने दिलेल्या या रकमेचा विनियोग त्या संघटनेनेच करावयाचा होता. १९७० साली बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक तोवर हयात नव्हते.