'आळशी' हा शब्द मागे घ्या

आम्हाला आळशी म्हणण्याची समाजाला सवय जडली आहे. 'बुद्धी आहे, पण शिस्त नाही. मनावर घेतले तर सारे जमेल,' असा निवाडा शाळेत गुरुजी देतात, घरी नातलग देतात आणि पुढे कचेरीत साहेबही देतात. या निवाड्याला आमची हरकत आहे.

सुरुवात कोठून करायची हे ठरवणे, कामाचे टप्पे पाडणे, वेळेचा अदमास घेणे आणि एक टप्पा पार पाडताना पुढचा ध्यानात ठेवणे, इतक्या क्रिया मिळून आखणी होते. इतरांकडून त्या नकळत घडतात. अध्ययन-अक्षमता असलेल्या आमच्यापैकी अनेकांना त्या एकेक करून, जाणीवपूर्वक कराव्या लागतात. दिवसभर झटून काम अर्धेच राहते. आळशी माणूस असा थकतो काय?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन-अक्षमतेला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला आणि डिस्लेक्सियाबरोबर डिस्प्रॅक्सियाचेही नाव घेतले. परंतु व्याख्येचा भर राहिला तो आकलन, बोलणे, वाचणे, लिहिणे आणि गणित यांवर. आखणीचा तेथे उल्लेखही नाही.

परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, हे चांगलेच आहे. पण वेळेची वाटणी करणेच ज्याला अवघड जाते, त्याला नुसता अधिक वेळ देऊन काय साधणार? त्याला हवे आहे ते मोठ्या कामाचे लहान भाग, लेखी सूचना आणि मधल्या मुदती. यास पैसा लागत नाही, थोडी आस्था लागते. शिवाय परीक्षा संपली म्हणून अक्षमता संपत नाही. कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरवण्याचे बंधन हाच कायदा सरकारी आस्थापनांवर घालतो. ती मागण्याचे धैर्य मात्र 'आळशी' हा शिक्का हिरावून घेतो.

'अशाने तुम्ही परावलंबी व्हाल,' असे कोणी म्हणेल. साहेबाच्या भेटीगाठींची आखणी त्याचा स्वीय सहायक करतो, शेठजींची कीर्द मुनीम लिहितो, आणि कित्येक कर्त्या पुरुषांचा अवघा दिवस त्यांच्या घरची स्त्री लावून देते. त्यांना परावलंबी कोण म्हणतो?

सुज्ञ वाचकहो, आम्ही दया मागत नाही. तुम्हाला न मागता मिळणारा आधार आम्ही मागून घेत आहोत. तो द्या, आणि तो 'आळशी' शब्द तेवढा मागे घ्या.