नजरेचा खंड कोणी खावा?

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्याने एक अजस्र जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसांचा बळी गेला. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० फूट लांब व ४० फूट उंच अशी आहे. या फलकाची कोणतीही बाजू १२० फुटांहून कमी नव्हती. म्हणजे क्षेत्रफळाने तो मर्यादेच्या निदान नऊपट होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील, तेव्हा महापालिकेच्या परवानगीची गरज नाही, असा बचाव होता. फलक दुरून दिसावा म्हणून आसपासची झाडे विष घालून मारल्याची तक्रार खुद्द महापालिकेनेच नोंदविली होती. पुढचे सारे ठरल्याप्रमाणे झाले. अटक झाली, एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे निलंबन झाले, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली, आणि काही दिवस शहरभर फलक उतरविण्याची धामधूम चालली.

ही घटना पहिली नव्हती. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला, चौघे गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळी पावसापासून बचाव करण्यासाठी फलकाच्या आडोशाला थांबलेल्यांवर तोच फलक कोसळला. पाच जण गेले. मेलेल्यांत मोटारीच्या काचेतून जाहिरात पाहत जाणारे थोडे आणि पोटासाठी रस्त्यावर उभे असलेलेच फार, हे सांगायला चौकशी समितीची आवश्यकता नाही.

वृत्तपत्रांनी या सगळ्याला भ्रष्टाचार म्हटले. भ्रष्टाचार होताच. परंतु भ्रष्टाचार म्हणून विषय मिटविला की दोन-चार अधिकारी आणि एखादा ठेकेदार एवढेच दोषी उरतात, आणि ज्या व्यवस्थेत तो फलक उभा राहणे हा उत्तम धंदा ठरतो ती व्यवस्था निर्दोष सुटते. म्हणून प्रश्न मुळापासून विचारला पाहिजे. जाहिरात फलकाचा मालक नेमके काय विकतो?

तो लोखंड विकत नाही, कापड विकत नाही आणि जमीन तर मुळीच विकत नाही. तोच सांगाडा, तेवढ्याच खर्चात, एखाद्या ओसाड माळावर उभा केला तर त्याला दमडीचे भाडे येणार नाही. पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र त्याला लाखांनी भाडे येते. मधला फरक कोणी निर्माण केला? रस्ता जनतेच्या करातून झाला. त्यावरून रोज जाणारी लक्षावधी माणसे स्वतःच्या कामासाठी जातात. फलकाचा मालक त्यांची नजर अडवितो आणि ती अडविण्याचा हक्क महिन्याच्या बोलीने विकतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रिकार्डोचा खंडसिद्धांत शिकविला जातो. जमीनमालकाला मिळणारा खंड त्याच्या श्रमाचे फळ नसून जमिनीच्या स्थानाचे व सुपीकतेचे फळ असतो, असे तो सिद्धांत सांगतो. जाहिरात फलकाचे उत्पन्न हा या खंडाचा शहरातील शुद्ध नमुना होय. पीक समाजाचे आणि खंड मालकाचा!

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही गोष्ट परकी वाटू नये. कूळकायद्याची लढाई याच तत्त्वावर लढली गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला तेव्हा, न कसता खंड खाणाऱ्याचा हक्क अबाधित नाही, हे राज्याच्या कायद्याने मान्य केले. शेतात जे मान्य झाले ते शहराच्या चौकात अमान्य का असावे? गावातील परागंदा जमीनदार निदान ओळखू येत असे. शहरातील हा नवा जमीनदार खांबावर उभा असतो, आणि त्याचे नाव-गाव शोधायला माणसे मरावी लागतात.

आता नियमांकडे वळू. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील ३२८ व ३२८-अ ही कलमे आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातील २४४ व २४५ ही कलमे आकाशचिन्हे आणि जाहिराती यांचे नियमन करतात. त्यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाची एक तरतूद आहे. ज्या इमारतीत धंदा चालतो त्याच इमारतीवर त्याच धंद्याची माहिती देणारी साधी, न उजळणारी पाटी लावायला आयुक्तांची परवानगी लागत नाही. म्हणजे स्वतःच्या कामाची पाटी आणि भाड्याने विकलेली जाहिरात या दोन भिन्न वस्तू आहेत, हे कायद्याने ओळखले आहे. रेल्वेच्या भिंतींनाही २४५ व्या कलमात सवलत आहे. पण रस्त्याकडे तोंड असलेला भाग त्या सवलतीतून वगळलेला आहे. दुसऱ्या बाजूने १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १८५ वे कलम, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज रेल्वेच्या हद्दीतील जाहिरातींवर स्थानिक संस्थेला कर घेता येणार नाही, असे सांगते. कर न देण्याची ही मुभा हळूहळू नियम न पाळण्याची मुभा होऊन बसली. वारा मात्र जमीन रेल्वेची की पालिकेची हे विचारून वाहत नाही.

व्यवहारात या कायद्यांचे काय होते? शिंप्याची, न्हाव्याची, वडापावच्या गाडीची हातभर पाटी अतिक्रमण विभागाच्या गाडीत जाऊन पडते. फेरीवाल्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निर्णयाने अंतरे ठरवून दिली: रेल्वे स्थानक व मंडईपासून १५० मीटर, शाळा, इस्पितळ व प्रार्थनास्थळापासून १०० मीटर. ही अंतरे फीत लावून मोजली गेली. त्याच स्थानकासमोर डोक्यावर लोंबणाऱ्या फलकासाठी अशी तत्पर फीत कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम झाला. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असे त्यात लिहिले आहे. मुंबईत या समित्यांसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. गरिबाच्या हक्काला दहा वर्षे लागतात. धनिकाच्या फलकाला एक रात्र पुरते.

मराठी पाट्यांच्या प्रश्नाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही मागणी न्याय्य होती; राज्याच्या भाषेत ग्राहकाशी बोलणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच आहे. परंतु पाटीवरील अक्षर कोणत्या लिपीत आणि किती मोठे, यावर ज्यांनी एवढा गदारोळ केला त्यांना त्याच दुकानाच्या गच्चीवरचा भाड्याचा सांगाडा किती फूट आहे, हे मोजावेसे वाटले नाही. अस्मितेचे राजकारण पाटीपाशी थांबते, कारण पाटीच्या वर मालमत्तेचा प्रश्न सुरू होतो.

नियमातील एका शब्दाने कोट्यवधींची उलथापालथ कशी होते, हे मुंबईच्या कामगारांनी पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचे तत्त्व घातले: एक पालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असा अर्थ आला आणि शहराचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. तेव्हा विभागनियोजनाचे नियम म्हणजे अभियंत्यांची रूक्ष कागदपत्रे, असे समजून कार्यकर्त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. शहरातील संपत्तीची वाटणी त्याच कागदांत होते, आणि तीही बहुधा गाजावाजा न होता.

विरोधी युक्तिवाद तीन केले जातात. पहिला पालिकेच्या उत्पन्नाचा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरातकराची नोंदच काढून टाकली; वस्तू व सेवा कर आला आणि स्थानिक संस्थांच्या हाती मुख्यतः परवाना शुल्क उरले. हे सत्य आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. खंडाचा मोठा भाग खासगी खिशात जात असताना पालिकेने किरकोळ शुल्कासाठी नागरिकांचे आकाश गहाण ठेवणे हा कसला व्यवहार?

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. फलक गेले तर त्यावर काम करणाऱ्यांनी काय करावे? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला असेल तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे. सांगाड्यावर चढणारा मजूर ठेकेदाराचा असतो. पुण्याची २०१८ ची दुर्घटना सांगाडा काढण्याचे काम चालू असतानाच घडली, हे विसरता कामा नये. शहरातील पाट्या हाताने रंगविणाऱ्या हजारो पेंटरांचा धंदा फ्लेक्सच्या छपाईने बुडविला, तेव्हा या कनवाळूंपैकी कोणी अश्रू ढाळले नाहीत. दुकानागणिक लहान, नीट रंगविलेली पाटी हा नियम केला, तर हातांना काम मिळेल ते त्यातून.

तिसरा युक्तिवाद असा की हे अशक्य आहे. आधुनिक शहर जाहिरातींशिवाय चालत नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो हे एक कोटीहून अधिक वस्तीचे, त्या देशातील सर्वांत मोठे व्यापारी शहर. तेथे २००६ मध्ये 'स्वच्छ शहर' कायदा झाला आणि १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरील भाड्याच्या जाहिरातींना बंदी झाली. दुकानांच्या पाट्या राहिल्या, पण दर्शनी भागाच्या रुंदीनुसार त्यांना माप लागले: दहा मीटरपेक्षा अरुंद दुकानाला दीड चौरस मीटर. हजारो फलक उतरले. जाहिरात कंपन्यांनी न्यायालये गाठली, व्यापार बुडेल अशी भाकिते केली. व्यापार बुडाला नाही. आणि हे करणारे महापौर जिल्बेर्तो कासाब हे काही डावे नव्हते. उजव्या पक्षाचे होते. उजव्यांना जे जमले त्याची मागणी करायलाही आपण कचरावे काय?

आता थोडे आपल्या घरात पाहू. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल देऊन बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले. तरीही वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, आणि नेत्याच्या फोटोखाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग, हे सर्वपक्षीय दृश्य चौकाचौकांत कायम आहे. अडचण अशी की ज्या नगरसेवकाने फलकवाल्याला जाब विचारायचा त्याचाच फ्लेक्स त्या सांगाड्यावर फुकट लागलेला असतो. फुकट काहीच नसते. किंमत पुढे मौनाने चुकवावी लागते. म्हणून परिवर्तनवादी चळवळीतील कार्यकर्त्याचा एकही बेकायदा फ्लेक्स रस्त्यावर दिसता कामा नये. सभेची वार्ता कोपऱ्यावरच्या वार्ताफलकावर खडूने लिहावी, पत्रके घरोघर न्यावीत. गिरणगावातील चळवळ याच साधनांवर उभी राहिली होती. ज्याच्याजवळ माणसे आहेत त्याला फ्लेक्सची गरज पडत नाही.

मागण्या नेमक्या हव्यात. एक: स्वतःच्या धंद्याची पाटी हा हक्क मानावा, दर्शनी भागाच्या रुंदीनुसार तिचे माप ठरवावे, लहान दुकानदाराला व पथविक्रेत्याला त्यासाठी शुल्क वा हेलपाटे नसावेत. दोन: खासगी इमारतींच्या गच्च्या, निवासी विभाग, शाळा, इस्पितळे आणि चौक यांवर विकाऊ जाहिरातीला पूर्ण मनाई असावी. तीन: जे फलक राहतील ते केवळ सार्वजनिक जागेवर, जाहीर लिलावाने असावेत, करारातील माप, मुदत, भाडे आणि तपासणीची तारीख फलकाच्या पायथ्याशी मराठीत लिहावी. चार: रेल्वे, पोलीस वा अन्य कोणतेही शासकीय खाते यांना वेगळा न्याय नसावा. पाच: हे उत्पन्न त्याच प्रभागातील पदपथ आणि फेरीवाला क्षेत्र यांवर खर्च व्हावे.

सहावी मागणी सर्वांत महत्त्वाची. कोणत्या विभागात काय लावायचे हे प्रभागातील नागरिकांच्या उघड सभेत ठरावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, पण त्यांत नागरिकाला बोलण्यास जागा दिली गेली नाही. किवळे आणि घाटकोपर येथे माणसे मेली तेव्हा त्या दोन्ही शहरांत लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासक कारभार पाहत होते. जाब विचारायला जागा नसली की लोखंड वाढते, हा या दोन दुर्घटनांचा धडा आहे.

पुढचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील फलकांची मोजणी करावी. माप, जागा, परवाना क्रमांक आणि मालक यांची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागवावी, ती छापून नागरिकांना द्यावी आणि तीच यादी घेऊन पालिकेच्या प्रभाग कार्यालयावर जावे. त्या मोर्चात फेरीवाले असावेत, रिक्षाचालक असावेत, पाट्या रंगविणारे असावेत. फलक कोसळतो तेव्हा तो यांच्याच डोक्यावर कोसळतो. त्याखालच्या जागेवर पहिला हक्कही यांचाच आहे.