गृहपाठ पानांत नव्हे, मिनिटांत मोजा

दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात, गरजेनुसार लेखनिक मिळतो. महाराष्ट्रात अशा सवलतींची सुरुवात १९९६ साली झाली. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश केला. हे मूल आळशी नाही, वाचन-लेखन किंवा आकडेमोड त्याला मुळातच जड जाते, हे सरकारदरबारी मान्य झालेले आहे. पण ही मान्यता परीक्षेच्या तीन तासांपुरती. त्याआधी पहिलीपासून रोज संध्याकाळी हेच मूल इतरांइतकाच गृहपाठ इतरांइतक्याच ओळींत लिहीत बसते. तिथे त्याला जादा वेळ नाही आणि लेखनिकही नाही. माझ्या मते सवलतीची खरी गरज तिथेच आहे.

चौथीच्या परिसर अभ्यासाचा गृहपाठ घ्या: पाच प्रश्न, सूचना ‘प्रश्न लिहून उत्तरे लिहा’. मूल पुस्तकात बघते, एक शब्द उचलते, वहीत उतरवते. वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवेपर्यंत वाक्याचा उरलेला भाग डोक्यातून निसटतो. पुन्हा पुस्तकात बघावे तर ओळ सापडत नाही. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, जोडाक्षर अर्धेच उतरते, मग खोडरबर. अर्धा तास नुसते प्रश्न उतरवण्यात जातो आणि उत्तराची पाळी येते तेव्हा मूल थकलेले असते. तोंडी विचारले तर यातली बरीच उत्तरे ते चटकन सांगते. म्हणजे ती वही परिसराचे ज्ञान तपासतच नाही. हात किती भरभर चालतो एवढेच तपासते. शिवाय फळ्यावरून डायरीत उतरवलेला गृहपाठच चुकीचा घरी आलेला असतो, तो वेगळाच.

उपाय साधा आहे. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास असावा. मात्र शिक्षक ‘अर्ध्या तासाचा’ म्हणून देतात तो गृहपाठ सराईत लिहिणाऱ्या मुलाच्या हिशेबाने असतो. या मुलाला त्यासाठी दीड तासही लागू शकतो. ही मर्यादा मुलाच्या घड्याळाने पाळली पाहिजे. वेळ संपली की पालकांनी वहीत रेघ मारून सही करावी आणि रेघेच्या वर जेवढे झाले तेवढा गृहपाठ शाळेने पूर्ण धरावा.

कच्च्या मुलाला तर जास्त सराव हवा, असा आक्षेप येईल. सराव हवाच, पण कोणीतरी शेजारी बसून, चूक तिथल्या तिथे सुधारत करून घेतलेला, थोडा-थोडा. थकलेल्या मुलाने चुकीचा शब्द दहादा लिहिला तर चूकच पक्की होते. अमेरिकी संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ साली गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांनाही क्षीणच आढळला. मग निव्वळ लांबीचा आग्रह कशासाठी?

दुसरा आक्षेप इतर मुलांवरच्या अन्यायाचा, आणि त्यालाच जोडून प्रमाणपत्राशिवाय सूट मागण्याचा. वेळेची मर्यादा सगळ्या वर्गालाच लावली तर दोन्ही प्रश्न मिटतात. प्रमाणपत्रावर अडून बसणे मला अन्यायाचे वाटते. निदान साधारण आठव्या वर्षाआधी पक्के करत नाहीत. तपासणीच्या सोयी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत एकवटल्या आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या आईबापांना त्या फेऱ्या परवडत नाहीत.

एका वर्गात पन्नास-साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षकांची अडचण खरी आहे. पण आखडता गृहपाठ तपासायलाही कमीच असतो. लिहिता-वाचता येणाऱ्या पालकांनी मुलाने सांगितलेले उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि खाली ‘मुलाने सांगितले, मी लिहिले’ अशी नोंद करावी. उत्तर मात्र स्वतः सुचवू नये. ज्या घरात असे कोणी नाही, तिथल्या मुलाला सकाळी हजेरी संपल्यावर दोन प्रश्न तोंडी विचारावेत आणि त्याची उत्तरे गृहपाठ म्हणून नोंदवावीत.